तिवाह : मेलेल्यांची हाडे आणि धर्माचा रकाना

दर काही महिन्यांनी एक मेसेज आपल्या ग्रुपवर फिरत फिरत येतो. इंडोनेशियाच्या बोर्नियो बेटावर, घनदाट जंगलात, दायाक नावाचे आदिवासी राहतात आणि ते ‘हिंदू’ आहेत, असा तो मेसेज. सोबत कोरीव खांबांचा किंवा पिसांचा मुकुट घातलेल्या माणसाचा फोटो. खाली निष्कर्ष ठरलेला: बघा, जगाच्या टोकाचे आदिवासीसुद्धा स्वतःला हिंदू म्हणवतात, मग इथल्या आदिवासींना आणि तुम्हालाच काय अडचण आहे?

आपली पोरं यावर दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर ‘खोटं आहे’ म्हणून सोडून देतात, नाहीतर ‘ते मूळचे बौद्धच होते’ असा उलटा मेसेज टाकतात. दोन्ही चूक. मेसेजमधली माहिती खोटी नाही. मध्य कालिमंतानमधल्या हजारो दायाक लोकांच्या ओळखपत्रावर धर्म म्हणून खरोखरच ‘हिंदू’ लिहिलेले असते. पण ते कधीपासून लिहिले जाते आणि का लिहिले जाते, हे मेसेज सांगत नाही. आणि ते बौद्ध होते म्हणायला तर आपल्याकडे काडीचाही पुरावा नाही. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांवर आपला झेंडा रोवायचा, हे काम आपण दुसऱ्यांकडेच राहू द्यावे.

आम्ही हा विषय त्यांच्या एका विधीतून मांडणार आहोत. त्याचे नाव तिवाह. मेसेजमधल्या फोटोत जे खांब दिसतात ते बहुतेक वेळा तिवाहचेच असतात.

दायाक ही एक जमात नाही. बोर्नियोच्या आतल्या भागात नद्यांच्या काठाने राहणाऱ्या अनेक समूहांना बाहेरच्यांनी दिलेले ते सरसकट नाव आहे, जसे आपल्याकडे गोंड, भिल्ल, कोरकू, वारली सगळ्यांना मिळून ‘आदिवासी’ म्हणतात. यातले न्गाजू लोक काहायान, कापुआस, कातिंगान या नद्यांच्या खोऱ्यात राहतात. तिवाह हा त्यांचा विधी. इतर समूहांचे आपापले वेगळे विधी आहेत. बेनुआक लोकांचा क्वांगकाय, सारावाकमधल्या बेरावान लोकांचा नुलांग. मा’आन्यान लोकांच्या काही गावांत इजांबे होतो, त्यात साठवलेली हाडे शेवटी जाळतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माणसाचे मरण एकदा उरकत नाही, ते दोनदा करावे लागते.

न्गाजू माणूस मेला की त्याला आधी एका ओंडक्यातून कोरलेल्या पेटीत ठेवून पुरतात. हा पहिला, तात्पुरता निरोप. त्यांच्या समजुतीप्रमाणे मेलेल्याचा जीव, म्हणजे लिआउ, अजून पोहोचलेला नसतो. त्याचा एक भाग हाडांशी, केसांशी, नखांशी राहिलेला असतो. मग वर्ष जाते, पाच वर्षे जातात, कधी दहा-पंधरा. पुरेसा पैसा, धान्य आणि जनावरे जमली की तिवाह ठरतो. पुरलेली हाडे बाहेर काढतात, धुतात, स्वच्छ करतात, आणि सांदुंग नावाच्या खांबांवर उभारलेल्या छोट्या घरात ठेवतात. सांदुंग बहुधा उलिन या लोखंडासारख्या कठीण लाकडाचे असते. त्यावर धनेश पक्षी आणि नाग कोरलेले असतात. धनेश वरच्या जगाचा, नाग पाण्याखालच्या जगाचा. एकाच सांदुंगात एका घराण्याच्या अनेक पिढ्या एकत्र येतात.

विधी आठवडाभर चालतो, कधी महिनाभरही. बासिर म्हणजे विधी करणारे जाणकार ओळीने बसून कातांबुंग हा लांबट ढोल वाजवत रात्रभर गातात. ते गाणे रोजच्या बोलीत नसते, सांगियांग या जुन्या विधीभाषेत असते. गाण्यातूनच लिआउचा प्रवास घडतो. तेम्पोन तेलोन हा वाटाड्या त्याला नावेतून घेऊन जातो, वाटेत संकटे येतात, आणि शेवटी तो लेवु तताउ या गावी पोहोचतो. लेवु म्हणजे गाव, तताउ म्हणजे श्रीमंत. मेलेल्यांचे गाव हे श्रीमंतांचे गाव आहे, तिथली वाळूसुद्धा सोन्याची. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोपर्यंत घरातले लोकही अडकलेले असतात. विधवेवर किंवा विधुरावर निर्बंध असतात, पुन्हा लग्न करता येत नाही. तिवाह झाला की मेलेला सुटतो आणि जिवंतही सुटतात.

समाजशास्त्राच्या वर्गात हा विधी आमच्यासमोर आला तो एका फ्रेंच तरुणाच्या निबंधातून. रॉबर्ट हर्ट्झ हा एमिल दर्खाईमचा विद्यार्थी. त्याने १९०७ साली मरणावरचा एक मोठा निबंध लिहिला आणि त्याचा मुख्य आधार न्गाजू लोकांचा तिवाह होता. हर्ट्झ बोर्नियोला कधीच गेला नव्हता. मिशनरी, डच अधिकारी आणि प्रवासी यांनी लिहिलेले वाचून त्याने ते लिहिले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी तो मारला गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, मरण ही फक्त शरीराची घटना नसते. समाजाने त्या माणसात आपला एक तुकडा गुंतवलेला असतो, तो मोकळा करून घ्यायला समाजाला वेळ लागतो. प्रेत, जीव आणि नातेवाईक, तिघेही या मधल्या काळातून एकत्र जातात. हाडे कोरडी होतात, तसा जीव पोहोचतो आणि दुःखही सरते.

वर्गात हे ऐकताना सगळ्यांना फार सुंदर वाटले होते, आम्हालाही. पण त्याच निबंधात हर्ट्झने आणखी एक नोंद केली आहे, तिच्यावर वर्गात फारसे कोणी थांबले नाही. मुखिया मेला तर सगळा समाज हादरतो, पण परका, गुलाम किंवा लहान मूल मेले तर ते जवळपास कोणाच्या ध्यानातही येत नाही, त्यासाठी मोठा विधी होत नाही. समाजाने ज्याच्यात काही गुंतवलेच नाही, त्याच्या मरणात समाजाला सोडवून घ्यायला काही नसते. ज्यांच्या वाडवडिलांना गावातल्या प्रत्येकाच्या मयताचा सांगावा घेऊन परगावी धावावे लागे, सरणाची लाकडे वाहावी लागत, त्यांनी हे वाक्य वाचून पुढे जाऊ नये.

कारण न्गाजू समाजात गुलाम होते. उच्च कुळातल्यांना उतुस गांतोंग म्हणत, आणि खाली होते जिपेन. यातले बरेचसे कर्जापायी गुलाम झालेले. कर्ज फिटले नाही म्हणून स्वतः किंवा मुले सावकाराकडे बांधलेली. आणि जुन्या तिवाहमध्ये बळी जात असे तो फक्त रेड्याचा नाही. तिवाहच्या अंगणात सापुंदु नावाचे कोरीव खांब उभे करतात, बळीचे जनावर त्याला बांधतात. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी सांगतात की मोठ्या घरच्या तिवाहमध्ये याच खांबाला गुलाम किंवा पकडून आणलेला माणूस बांधला जाई, त्याच्याभोवती नाच होई आणि भाल्यांनी भोसकून त्याला मारले जाई. मालकाला परलोकात चाकर हवा, म्हणून. शिरकाण करून आणलेली मुंडकीही या विधीला लागत.

मिशनऱ्यांच्या आणि वसाहतवाल्यांच्या लिखाणात ‘रानटी’ लोकांबद्दल अतिशयोक्ती असते, हे आम्हाला माहीत आहे. त्यातला तपशील गाळून घ्यावा लागतो. पण गुलामी होती, नरबळी होता, हे दायाक लोक स्वतःही नाकारत नाहीत. सापुंदुवर आजही बहुधा माणसाचीच आकृती कोरतात. मग आपण का नाकारावे? ‘आदिवासी समाजात विषमता नव्हतीच, सगळे बाहेरून आले’ असे आपल्यातले काही कार्यकर्ते व्यासपीठावरून ठोकून देतात. ऐकायला बरे वाटते, पण त्या खांबाला बांधलेल्या जिपेनचे काय करायचे? श्रीमंतांच्या गावाला मालक नावेतून गेला आणि जिपेन त्याचा चाकर म्हणून गेला. परलोकातही जिपेनच.

पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी, जर्मनीच्या ऱ्हाइन भागातले, १८३५ साली बंजारमासिनला आले. उच्च कुळातल्यांनी त्यांना विचारले नाही. मिशनऱ्यांनी मग कर्जात अडकलेल्या गुलामांचे कर्ज फेडून त्यांना सोडवायला सुरुवात केली. सोडवलेल्यांना मिशनच्या आसपास वसवले, शाळेत आणि प्रार्थनेला आणले. म्हणजे न्गाजूंमधले सुरुवातीचे ख्रिस्ती बरेचसे जिपेन होते. यात मिशनऱ्यांचा स्वार्थ होताच, सावकार बदलला एवढेच असेही कोणी म्हणेल. पण सुटणाऱ्याच्या बाजूनेही एकदा बघा. ज्या धर्मात आपली जागा खांबाला बांधले जाण्याची आहे, तो सोडायला त्याला कोणत्या तत्त्वज्ञानाची गरज पडली असेल? १८५९ च्या बंजार युद्धात मिशनची ठाणी जाळली गेली, मिशनरी मारले गेले. पुढे पुन्हा काम सुरू झाले. यांच्यातलाच एक, आउगुस्ट हार्डेलांड, याने न्गाजू भाषेचे व्याकरण आणि १८५९ साली शब्दकोश छापला. तिवाह हे सैतानाचे काम आहे असे सांगायला आलेल्यांच्याच वह्यांतून तिवाहची माहिती युरोपात गेली आणि हर्ट्झच्या टेबलावर पोहोचली.

डचांनी कागदोपत्री १८६० साली गुलामी बंद केली होती. आतल्या नद्यांवर तो कागद पोहोचायला आणखी ३४ वर्षे लागली. १८९४ च्या मे ते जुलै दरम्यान काहायान नदीच्या वरच्या अंगाला तुम्बांग अनोई या गावी बोर्नियोभरच्या दायाक प्रमुखांची मोठी सभा झाली. दामांग बातु हा प्रमुख यजमान होता. त्याच्या लांबघरात प्रतिनिधी राहिले. ९६ कलमांचा परंपरागत कायदा ठरला आणि तीन गोष्टी थांबवायचे कबूल झाले: एकमेकांची मुंडकी मारणे, सूडाने खून करणे, आणि एकमेकांना गुलाम करणे. सभा डचांना हवी होती, व्यापाराला आणि राज्याला शांतता लागते. पण दायाक आज ही सभा स्वतःची म्हणून आठवतात, आणि त्यात गैर काही नाही. यानंतर सापुंदुला रेडा, गाय, डुक्कर बांधले जाऊ लागले. माणूस गेला तरी तिवाह मोडला नाही. ‘परंपरेतला एक भाग काढला की सगळी परंपरा कोसळेल’ असे जे आपल्याला सतत ऐकवले जाते, त्यांना हे १८९४ साल दाखवावे.

हो, गायसुद्धा. ‘बोर्नियोचे हिंदू’ वाला मेसेज पुढे ढकलणाऱ्या भावांना तिवाहच्या अंगणातली ही गाय कोणी दाखवलेली दिसत नाही.

मेसेजमध्ये कधीकधी आणखी एक पुरावा असतो, कुताईच्या शिलालेखांचा. पूर्व कालिमंतानमध्ये महाकाम नदीवर मुआरा कामान इथे संस्कृत लेख कोरलेले सात दगडी यूप सापडले आहेत. साधारण चौथ्या-पाचव्या शतकातले, मूलवर्मन राजाचे. खरे आहे. त्यात राजाच्या बापाचे नाव अश्ववर्मन आहे आणि आजोबाचे नाव कुंडुंगा. आजोबाचे नाव संस्कृत नाही, दोन पिढ्यांत वर्मन झाले. आणि लेखांचा विषय काय? राजाने यज्ञ केला आणि ब्राह्मणांना दान दिले, एका लेखात तर २०,००० गाई. म्हणजे संस्कृत तिथे पोहोचली ती एका राजघराण्याच्या दरबारात, दक्षिणेसकट. त्यावरून शेकडो किलोमीटर दूरच्या, दुसऱ्या नद्यांवरच्या न्गाजूंची हाडे धुण्याची रीत वैदिक ठरत नाही. शब्द मात्र सगळीकडून येतात. न्गाजूंची पाण्याखालची देवता जाता, हे नाव ‘देवता’वरून आले असावे असे काही अभ्यासक मानतात. पण त्यांचा वरचा देव रान्यिंग हताल्ला. यातल्या ‘हताल्ला’मागे अरबी ‘अल्लाह ताला’ आहे असे मानले जाते. एका शब्दावरून धर्म ठरवायचा असेल तर न्गाजूंना आधी मुसलमान म्हणावे लागेल.

मग ‘हिंदू’ आले कुठून?

न्गाजूंच्या धर्माला पूर्वी नावच नव्हते. बाहेरचे त्याला काफिरांचा धर्म म्हणत. काहारिंगान हे नाव चाळीसच्या दशकात, जपानी ताब्याच्या काळात, पुढे आले. ते रुजवण्याचे श्रेय चिलिक रिवुत यांना देतात. ‘हारिंग’ म्हणजे जिवंत, स्वतःहून असलेले. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर दायाक प्रदेश मुसलमान बंजार लोकांचे वर्चस्व असलेल्या दक्षिण कालिमंतानखाली येत होता. त्याविरुद्ध दायाकांनी, हत्यार उचलूनसुद्धा, वेगळा प्रांत मागितला आणि १९५७ साली मध्य कालिमंतान मिळवला. राजधानी पालंकाराया नव्याने वसवली, चिलिक रिवुत गव्हर्नर झाले. प्रांत मिळाला, पण धर्म मिळाला नाही.

इंडोनेशियाच्या पंचशीलात (नाव आपल्या ओळखीचे, आशय वेगळा) पहिलेच तत्त्व एकमेव ईश्वरावरच्या श्रद्धेचे आहे. १९६५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात सहा धर्मांची नावे आली: इस्लाम, प्रॉटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्युशियस. त्याच वर्षाच्या शेवटी कम्युनिस्टांची कत्तल सुरू झाली. त्यानंतर ज्याला ‘धर्म नाही’ तो नास्तिक, आणि नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट असा हिशोब झाला. ज्या देशात लाखो माणसे या संशयावर मारली गेली, तिथे धर्माचा रकाना कोरा असणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. सरकारच्या लेखी काहारिंगान हा धर्म नव्हता, ‘अजून धर्म नसलेल्या’ लोकांच्या चालीरीती होत्या. ख्रिस्ती व्हा किंवा मुसलमान व्हा, हा सरळ मार्ग होता आणि पुष्कळ जण झाले.

जे झाले नाहीत त्यांनी आडवाट शोधली. बालीच्या हिंदूंना आधीच, स्वतः बरीच धडपड करून, सरकारी मान्यता मिळाली होती. सुलावेसीच्या तोराजा लोकांचा पूर्वजधर्म १९६९ मध्ये हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदला गेला होता. १९७२ साली काहारिंगानच्या पुढाऱ्यांनी आपली परिषद स्थापन केली आणि १९८० मध्ये तिला हिंदू संघटनेखाली नेले. तेव्हापासून नाव झाले हिंदू काहारिंगान. वेद वाचून पटले म्हणून हे घडले नाही, आणि कोणी दीक्षाही घेतली नाही. सहा घरे होती, त्यातले एक घर असे होते की जिथे डुक्कर सोडायला सांगणार नव्हते आणि तिवाह बंद करायला सांगणार नव्हते. त्या घराच्या पडवीत ते शिरले.

याला ढोंग म्हणावे का? आम्ही म्हणणार नाही, आणि म्हणायचा अधिकारही आपल्याला फारसा नाही. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली होती. १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्या लोकांना केंद्राची ती सवलत १९९० पर्यंत बौद्ध म्हणून मिळत नव्हती. किती घरांत शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब होते, ते आपल्या आजोबांना विचारा. त्या दाखल्यांचा गठ्ठा उचलून उद्या कोणी म्हणाले की बघा, १९७० साली हे लोक स्वतःला हिंदू म्हणवत होते, तर त्याला आपण काय उत्तर देऊ? तेच उत्तर काहारिंगानचे आहे. आणि २०११ च्या जनगणनेत ‘इतर’च्या रकान्यात सुमारे ४९ लाख लोकांनी आपला धर्म सरना असा लिहिला, झारखंड विधानसभेने २०२० साली वेगळ्या सरना संहितेचा ठराव केला, त्यांचेही तेच आहे.

पण पडवीत शिरले की घराचे नियमही येतात. मानववंशशास्त्रज्ञ अॅन शिलर यांनी तिवाह आणि न्गाजूंच्या बदलत्या धर्मावर १९९७ साली पुस्तक लिहिले, त्यात ही प्रक्रिया दिसते. मान्य धर्माला ग्रंथ लागतो, म्हणून बासिरांच्या मुखातले गाणे ‘पानातुरान’ या छापील ग्रंथात आले. मान्य धर्माला सामुदायिक प्रार्थना लागते, म्हणून दर गुरुवारी बासाराह सुरू झाले. त्यासाठी सभागृहे, गाण्यांची पुस्तके, प्रवचन, सगळे चर्चसारखे. शाळेत हिंदू धर्माचा तास, पालंकारायात सरकारी हिंदू धर्म महाविद्यालय. आणि तिवाह कसा करायचा, याच्यावर परिषदेची देखरेख. एका नदीवरचा बासिर एक गायचा, दुसऱ्या नदीवरचा दुसरे. छापील झाले की एक बरोबर आणि एक चूक होते.

खर्चाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. रेडे, डुकरे, महिनाभराचे जेवण, बासिरांचा मान, सांदुंगचे लाकूड. म्हणून आता अनेक कुटुंबे मिळून एकत्र तिवाह करतात, डझनावारी मेलेल्यांची हाडे एकाच अंगणात निघतात. कधी सरकारही मदत करते आणि सोबत पर्यटकांचे कॅमेरे आणते. घरातला एक भाऊ ख्रिस्ती, एक मुसलमान आणि एक काहारिंगान असे न्गाजू घर विरळा नाही, आणि आईच्या हाडांसाठी तिघेही हजर असतात. तरीही गरिबाची हाडे जास्त वर्षे वाट पाहतात. श्रीमंतांच्या गावाची नाव लवकर कोणाला मिळते आणि उशिरा कोणाला, हे गुलामी संपली तरी पुरते संपलेले नाही. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारायला लावले, त्यामागे ब्राह्मणाची मध्यस्थी मोडणे होते आणि कर्जाचा हा फासही होता. आपल्याकडे जलदान विधीच्या नावाने मंडप, जेवणावळी आणि बॅनर किती वाढलेत, हे वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते. व्याजाने पैसे काढून केलेले जलदान आम्ही पाहिले आहे. त्यावर वेगळे लिहू.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की पारंपरिक श्रद्धा मानणाऱ्यांना ओळखपत्राच्या रकान्यात तशी नोंद करता येईल. पण ती नोंद ‘श्रद्धा’ म्हणून, ‘धर्म’ म्हणून नाही. काहारिंगानमध्ये यावरून वाद आहे. काही म्हणतात, हिंदू हे नाव आता काढा, आम्ही काहारिंगान आहोत आणि तो धर्म आहे. काही म्हणतात, चाळीस वर्षांत शाळा, शिक्षक, नोकऱ्या, कॉलेज या नावावर उभे राहिले, ते सोडून ‘श्रद्धा’ एवढ्यावर कशाला यायचे. १९८० चा निर्णय अजून कागदावर कायम आहे. परिषद आहे, गुरुवारची बासाराह आहे, आणि पैसा जमेल तसे काहायानच्या काठावर पुरलेल्या पेट्या उघडून हाडे धुतली जातात.